रोपांचा वाफा व पाण्याच्या बाटल्या

उन्हाळी मिरची, टोमॅटो व कलिंगड यांचीं रोपें पौषांत वाफ्यावर असतात, आणि निफाडकडील कडाक्याच्या थंडीचा काळही नेमका तोच. तिकडे कांहीं रात्रीं पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. थंडी १० अंशांखालीं टिकून राहिली कीं हीं रोपें खुंटतात. पुन्हां बीं टाकावें तर हंगाम हातचा जातो. अशा वेळीं पाणी भरलेल्या बाटल्या वाफ्यांत मांडण्याची युक्ति कित्येकांस पोरखेळ वाटते. आम्हांस ती तशी वाटत नाहीं; मात्र तिचा जमाखर्च नीट पाहिला पाहिजे.

एक लिटर पाणी एक अंश निवालें म्हणजे एक किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तितक्याच वजनाची कोरडी माती याच्या सुमारें पांचवा हिस्सा देते. दिवसां २५ अंशांपर्यंत तापलेली लिटरची बाटली पहांटे १० अंशांवर आली, तर तिनें १५ किलोकॅलरी दिल्या. ही झाली जमा. आतां खर्च पहा. निरभ्र व निवांत रात्रीं जमीन व पानें आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतात. एक चौरस मीटर उघडी जमीन तासास पन्नास किलोकॅलरींहूनही अधिक गमावते. म्हणजे एका बाटलीची शिल्लक पाव तासांत संपली! महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठीं पारा शून्यावर असतांही गवतावर हिमकण दिसतात, ते याच कारणानें.

तात्पर्य, आच्छादन आधीं आणि बाटल्या मागाहून. ऊन उतरण्यापूर्वींच वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवून गोणपाट किंवा प्लास्टिकचा कागद पसरावा, तो पानांस टेकूं देऊं नये, व कडा मातीनें दाबाव्या. सकाळीं ऊन लागतांच तो काढावा, नाहींतर बाटल्या तापणार कशा? सांवलींत ठेवलेल्या बाटलीजवळ रात्रीं देण्यास कांहींच नसतें. बाटल्यांस काळा रंग द्यावा, आणि त्या रोपांच्या उत्तरेस मांडाव्या, म्हणजे त्यांची सांवली रोपांवर पडत नाहीं. बुडाशीं माती ओलसर असावी; ओली माती कोरडीपेक्षां अधिक ऊब सांठविते.

एकरभर द्राक्षबागेस मात्र हा उपाय लागू करूं पाहणें व्यर्थ होय. तेथें थंडीच्या रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें. नुकतें उपसलेलें पाणी त्या वेळीं हवेहून पुष्कळच ऊब असतें.