वारा पडला म्हणजे वादळ संपलं?

3 जून 2020 च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, दापोली भागात छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं. तरीही वादळात घर आणि जीव कसा सांभाळायचा, याबद्दलच्या काही चुकीच्या समजुती अजून घट्ट आहेत.

गैरसमज: खिडक्या उघड्या ठेवल्या की वारा आरपार जातो आणि घर वाचतं.
वस्तुस्थिती: होतं ते उलटच. छपरावरून वेगानं जाणारा वारा पत्रे वर ओढतो आणि खिडकीतून आत शिरलेला वारा तेच पत्रे खालून रेटतो. दोन्ही जोर एकवटले की छप्पर उचकटतं. दारं-खिडक्या बंद करून सर्वांत आतल्या खोलीत थांबा. घर कच्चं असेल तर वारा सुटण्याआधीच पक्क्या निवाऱ्यात जा.

गैरसमज: काचेवर चिकटपट्टीची फुली मारली की काच फुटत नाही.
वस्तुस्थिती: पट्टीनं काच मजबूत होत नाही; फुटली तर पट्टीला चिकटलेले मोठे तुकडे अंगावर येतात. बाहेरून प्लायवूड ठोकणं हाच खरा उपाय.

गैरसमज: वारा पडला, आता बाहेर पडायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: वादळाचा डोळा गावावरून जात असेल तर मध्येच सगळं शांत होतं, कधी आभाळही उघडतं. त्यानंतर तितक्याच जोराचा वारा विरुद्ध दिशेनं येतो आणि आधीच खिळखिळी झालेली झाडं, भिंती पाडतो. हवामान खात्याचा निरोप येईपर्यंत घरातच राहा.

गैरसमज: लाइट गेलेत, म्हणजे पडलेल्या तारेत करंट नाही.
वस्तुस्थिती: शेजारच्या जनरेटरची वीज चुकीच्या जोडणीतून तारेत उलटी येऊ शकते, पुरवठाही न सांगता सुरू होऊ शकतो. प्रत्येक तार जिवंतच समजा आणि महावितरणला कळवा. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अमेरिकेत लुईझियाना राज्यात 2020 च्या ‘लॉरा’ वादळानंतर या विषारी वायूनं अनेकांचे जीव घेतले.

गैरसमज: विहिरीचं पाणी नितळ दिसतंय, म्हणजे पिण्याजोगं आहे.
वस्तुस्थिती: जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. विहिरीत पडलेला पालापाचोळा काढा, ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळा. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर मात्र उकळून खारटपणा जात नाही. तेव्हा टँकरचंच पाणी वापरा.

गैरसमज: पंचनामा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.
वस्तुस्थिती: उघड्या छपराखाली धान्य, कपडे, कागदपत्रं भिजत ठेवण्यानं नुकसान वाढतं. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, मोडलेल्या वस्तूंची आणि पडलेल्या झाडांची यादी करा, मग ताडपत्री घाला. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा आणि तलाठ्यांना लगेच कळवा. ओल्या छपरावर मात्र घाईनं चढू नका; वादळातून सुखरूप सुटलेली माणसं पत्रे बसवताना पडून जायबंदी होतात.

उडालेले पत्रे पुन्हा बसवता येतात, माणूस परत आणता येत नाही. म्हणून वाऱ्याच्या वेळी जेवढी सावधगिरी बाळगाल, तेवढीच वारा थांबल्यानंतरच्या दिवसांतही बाळगा आणि ही माहिती शेजारच्या घरीही पोहोचवा.