शाळा संपते तेव्हा



विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईबापांची दहाबारा वर्षे मूल शाळेत रुळते की नाही या काळजीतच निघून जातात. शाळा केव्हातरी संपणार आहे, हा विचार करावयास त्यांना सवडच होत नाही. आणि मग एके दिवशी ती संपते. त्या दिवसाच्या तयारीविषयी आज मला बोलावयाचे आहे. उदाहरण घेणार आहे अमेरिकेचे. कारण ही तयारी शाळेनेच करावी असे तेथील कायदा स्पष्ट सांगतो, आणि आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आता तेथील शाळांत शिकत आहेत.

प्रत्येक अपंग मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे विनामूल्य शिक्षण दिलेच पाहिजे, असा कायदा तेथे १९७५ साली झाला. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा करावयाचा आणि शिक्षकांनी व पालकांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून तो तपासावयाचा, अशी पद्धत पडली. परंतु शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले पुढे घरीच बसून राहतात, हे हळूहळू ध्यानात आले. म्हणून १९९० साली शाळेनंतरच्या जीवनाची तयारी हा विषय कायद्यात घालण्यात आला. २००४ च्या दुरुस्तीप्रमाणे मूल १६ वर्षांचे होते तेव्हाच्या आराखड्यात पुढील शिक्षण, नोकरी आणि गरज असेल तेथे स्वतंत्र राहणी, यांविषयीची उद्दिष्टे असावीच लागतात. आणि तीही मोजता येण्याजोगी. काही राज्ये तर १४ व्या वर्षीच सुरुवात करतात.

मोजता येण्याजोगी म्हणजे कशी? ‘मुलगा स्वावलंबी होईल’ हे उद्दिष्ट नव्हे. तो आशीर्वाद झाला. समजा, एखाद्या मुलाला झाडांची आवड आहे. ‘शाळा सोडल्यावर तो रोपवाटिकेत अर्धवेळ काम करील’ हे उद्दिष्ट झाले. आता तेथून पाय मोजीत मागे यावयाचे. रोपवाटिकेपर्यंत बसने एकट्याने जाता येते काय? बस चुकली तर कोणाला फोन करावयाचा, हे ठाऊक आहे काय? घड्याळ कळते काय? मुकादम रागावला तर रडू न येता ‘पुन्हा दाखवा’ म्हणता येते काय? यंदा शिक्षकाबरोबर बसचा प्रवास, पुढल्या वर्षी एकट्याने. यंदा शाळेच्या बागेत काम, पुढल्या वर्षी खऱ्या रोपवाटिकेत. गणिताच्या तासाला पगाराचा हिशेब. असा तो अभ्यासक्रम उलट्या बाजूने विणला जातो.

या उद्दिष्टांचा विचार ज्या बैठकीत व्हावयाचा, तिला विद्यार्थ्याला बोलाविलेच पाहिजे, असेही कायदा सांगतो. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते. वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचे आणि मुलाने मान डोलवावयाची, ही रीत काही आपल्याच घरांत आहे असे नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला चित्रे दाखवावीत, चार कामे करून पाहू द्यावीत. कोणत्या कामाला तो उत्साहाने उठतो, हे पाहणाऱ्याला दिसते.

ही अट नुसत्या सौजन्याची नाही. शाळेत असेपर्यंत मुलाला हुडकून मदत देण्याची जबाबदारी शाळेवर असते. शाळा सुटली की हे चित्र फिरते. महाविद्यालयाने भेदभाव करू नये, परीक्षेत जादा वेळ यांसारख्या रास्त सवलती द्याव्यात, असे १९७३ व १९९० चे कायदे सांगतात खरे. पण शाळेतला आराखडा तेथे चालत नाही. विद्यार्थ्याने स्वतः कार्यालयात जावे, कागद दाखवावेत आणि मागावे. ज्याच्यासाठी बारा वर्षे आईच बोलत आली, तो त्या खिडकीपाशी गप्प उभा राहतो.

१८ व्या वर्षी तो सज्ञानही होतो. बहुतेक राज्यांत शिक्षणविषयक हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. त्याची सूचना वर्षभर आधी द्यावी लागते. न्यायालयातून पूर्ण पालकत्व घेता येते, पण त्यात मुलाचे बरेच अधिकार जातात. निर्णय त्याचाच, सल्लागार त्याने निवडलेले, अशी दुसरी वाट टेक्सास राज्याने २०१५ साली प्रथम कायद्यात आणली. आणखी एक बाब व्यवहाराची. शाळेचा हक्क बहुतेक राज्यांत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत असतो, परंतु नेहमीची पदविका हाती घेतली की तो तेथेच संपतो. समारंभाच्या आनंदात हे विसरू नये.

ही शेवटची वर्षे कशी वापरता येतात, याचे उदाहरण सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ साली सुरू झालेल्या उपक्रमात दिसते. तातडीच्या विभागात सामान वेळेवर भरून ठेवणारी माणसे टिकत नव्हती. तेथील परिचारिका-प्रमुख एरिन रील यांनी अपंग तरुणांना ते काम शिकवून पाहिले. पुढे शाळेचे शेवटचे वर्षच कामाच्या ठिकाणी भरविण्याची पद्धत त्यातून तयार झाली आणि ती देशोदेशी गेली.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व वा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व मिळते. सोळाव्या वर्षी लेखी योजना करण्याची सक्ती मात्र नाही. तेव्हा ती वही घरीच घालावी लागेल. पहिल्या पानावर मुलाला काय आवडते ते त्याच्याच तोंडून, नाहीतर त्याच्याच बोटाने दाखवून घेऊन लिहावे. आणि पुढच्या वेळी बँकेत जाताना त्याला बरोबर न्यावे, पैसे भरण्याची चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी, खिडकीपाशी त्यालाच पुढे उभे करावे.