एसटी लागते ती प्रवाशाला, चालकाला का नाही?

पेण तालुक्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर कित्येकांना एसटी लागते, चालकाला मात्र सहसा नाही. असं का?

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गाडी वळली की त्यांतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले असले, तर ते ‘सगळं स्थिर आहे’ असंच कळवतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. चालक वळण स्वतःच घेतो. त्याच्या मेंदूला ते आधीच ठाऊक असतं.

शेवटचं बाक मागच्या चाकांच्याही मागे, म्हणून तिथे हादरे जास्त. त्रास होत असेल तर पुढे बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि लांबवर रस्त्याकडे पाहा.