एक गिटार, दोन मायक्रोफोन

गिटारचा नाद तारांतून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ताणलेली बारीक तार एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे तबलीला, म्हणजे वरच्या पातळ फळीला मिळते आणि ती फळी हवेला हलवते. पोटातील हवाही मधल्या गोल छिद्रातून आत-बाहेर होत सेकंदाला सुमारे शंभर आवर्तनांच्या आसपास घुमते. त्यामुळे गिटारला एकच मुख नसते. छिद्रासमोर घुमारा अधिक, घोडीजवळ नाद भरीव, तर मानेच्या बाजूला तारांची झळाळी आणि बोटांची सरसर अधिक. चार हातांवर बसलेल्या श्रोत्याच्या कानी या साऱ्यांचा मेळ पडतो. वीतभर अंतरावरचा मायक्रोफोन मात्र समोरचा तेवढाच भाग टिपतो. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला दुसऱ्या मायक्रोफोनचा मोह पडतो तो याच कारणाने.

मोह रास्त आहे. पण दुसऱ्या मायक्रोफोनबरोबर एक अडचणही घरात येते. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर जाण्यास त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर दूर असेल, तर तोच स्वर त्याच्याकडे तेवढा उशिरा पोहोचतो. सेकंदाला ५०० आवर्तने असलेल्या स्वराची लाट तेवढ्या वेळात बरोबर उलटी झालेली असते. दोन्ही मुद्रणे एकत्र केली की एकीचा चढ दुसरीच्या उतारात भरून निघतो आणि स्वर क्षीण होतो. १५०० व २५०० आवर्तनांचीही तीच गत. १००० आणि २००० आवर्तनांचे स्वर मात्र बळावतात. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. कानाला हा दोष पोकळ, नळीतून आल्यासारख्या आवाजाने जाणवतो. दोन उत्तम मायक्रोफोन मिळून एका साध्या मायक्रोफोनपेक्षा वाईट ध्वनिमुद्रण कसे करतात, याचे उत्तर येथे आहे.

या प्रश्नावरचा एक उपाय जुना आहे. ई.एम.आय. कंपनीतील इंग्रज अभियंता ॲलन ब्लुमलाइन याने १४ डिसेंबर १९३१ रोजी द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळी तो २८ वर्षांचा होता. दोन मायक्रोफोन एकाच ठिकाणी, परंतु परस्परांशी काटकोन करून ठेवण्याची रचना त्याच्याच विचारातून आली. जागा एकच असल्याने वेळेचा फरक जवळजवळ उरत नाही. डावे-उजवे कळते ते केवळ आवाजाच्या कमी-अधिक जोरावरून. ब्लुमलाइनचे मायक्रोफोन पुढचे व पाठीमागचे सारखेच ऐकत. लहान खोलीत पाठीमागचे कमी ऐकणारी जोडी अधिक सोयीची पडते. फ्रेंच नभोवाणीने पुढे दुसरी रीत रूढ केली. तीत दोन मायक्रोफोनांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन असतो. हे अंतर माणसाच्या दोन कानांमधील अंतराच्या जवळपास असल्याने ऐकणाऱ्याला वाद्याभोवतीची जागाही जाणवते.

एक मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर आणि दुसरा घोडीच्या बाजूला, असे दूर ठेवायचे असतील तर सुतळीचा तुकडा उपयोगी पडतो. मान आणि पोट जेथे जुळतात तेथे एक टोक धरावे आणि दोन्ही मायक्रोफोन सुतळीच्या एकाच लांबीवर, सुमारे ३० सेंटिमीटरवर आणावेत. गिटार हा बिंदू नसून लांबरुंद वस्तू आहे. म्हणून हे माप केवळ आरंभ होय. अखेरचा निवाडा कानाचा. एका मुद्रणाची लाट उलटी करून पाहावी. तसे करताच खर्जाच्या तारा भरदार वाटू लागल्या, तर आधीच्या मांडणीत त्या एकमेकींना खात होत्या असे समजावे.

खोली हा तर न बोलावलेला तिसरा मायक्रोफोनच. उघड्या भिंती आणि फरशी यांवरून परतलेला नादही उशिरानेच येतो. सतरंजी, जाड पडदे, गोधड्या तार स्वरांचे प्रतिध्वनी शोषतात. खर्जाला मात्र त्या पुरत नाहीत. ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० आवर्तनांच्या आसपास भिंतींमध्ये घुमारा साचतो. खोलीच्या नेमक्या मध्यावर किंवा भिंतीला चिकटून न बसता थोडे सरकून बसणे, हाच त्यावर बिनखर्चाचा उपाय. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावेत, हे सांगणे नकोच.

आणखी एक कसोटी अवश्य घ्यावी. दोन ध्वनिवर्धकांवर डावे-उजवे वेगळे असताना हा दोष लपून राहतो. एकाच ध्वनिवर्धकाच्या लहान रेडिओवर वा साध्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र होताच तो उघडा पडतो. असंख्य श्रोते असेच ऐकतात. तेव्हा मुद्रण एकत्र करूनही ऐकावे आणि दोन्ही मायक्रोफोनांच्या मूळ नोंदी स्वतंत्रच जतन कराव्यात. वेगळ्या ठेवलेल्या नोंदी पुढे जुळवता येतात. एकदा मिसळलेल्यांतून हरवलेला स्वर परत काढता येत नाही. गोव्यातील एखाद्या घरी मांड्याला साथ करणाऱ्या वृद्ध वादकाची तीच एकमेव नोंद असेल, तर ही हानी कायमचीच. दुसरा मायक्रोफोन लावावा, पण पहिल्या एकट्याने काय ऐकवले हे आधी नीट ऐकून.