संशोधनातला आपला वाटा सांगताना

अमेरिकी विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशासाठीचे अर्ज बहुतांशी डिसेंबर-जानेवारीत स्वीकारले जातात, आणि त्याआधीचे दोन-तीन महिने विज्ञान व अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ‘एसओपी’चे मसुदे लिहिण्यात आणि खोडण्यात जातात. एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हे अर्जदाराला कोणत्या विषयात, कशासाठी आणि कोणत्या तयारीनिशी संशोधन करायचे आहे ते सांगणारे एक-दोन पानांचे निवेदन असते. जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट गेल्या काही वर्षांत अनेक विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली, त्यामुळे या निवेदनाचे, आणि त्यातही पूर्वी केलेल्या संशोधनाच्या वर्णनाचे, वजन वाढले आहे.

या वजनाला आर्थिक बाजूही आहे. अमेरिकेत विज्ञानशाखांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शुल्क आणि निर्वाहवेतन बहुधा विभागाच्या निधीतून, अध्यापन-साहाय्यातून किंवा प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन-अनुदानातून भागवले जाते, आणि अर्ज वाचणाऱ्या समितीत त्याच विभागातील प्राध्यापक असतात. पुढची पाच-सहा वर्षे ज्याच्यावर खर्च करायचा तो विद्यार्थी, उत्तर कोणत्याही पुस्तकात नसलेल्या प्रश्नासमोर बसला तर काय करेल, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. गुणपत्रकावरून ते कळत नाही, कारण परीक्षेतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणाला तरी आधीच ठाऊक असते.

असे असूनही बहुसंख्य निवेदनांत विषयाचे वर्णन असते, कामाचे नसते. एक कल्पित उदाहरण घेऊ. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते, आणि अशा गावांतील विहिरी व हातपंपांच्या पाण्याची तपासणी हा विदर्भातील महाविद्यालयांत सहज सुचणारा प्रकल्प आहे. एखादी विद्यार्थिनी त्याविषयी असे लिहिते की, भूजलातील फ्लोराइड ही गंभीर समस्या असून प्रस्तुत प्रकल्पात आधुनिक उपकरणांच्या साहाय्याने तिचा सखोल अभ्यास करण्यात आला. वाक्यात खोटे काही नाही, पण ती विद्यार्थिनी त्यात कुठेच नाही.

तिनेच जर असे लिहिले की, फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे अंशांकन, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणांवर उपकरण पडताळून घेण्याचे काम, तिच्याकडे होते; 25 अंश सेल्सियसला फ्लोराइडचे प्रमाण दसपट झाले की विद्युत्-दाबात सुमारे 59 मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा, तो 50च्या आसपासच पडत असल्याचे तिच्या लक्षात आले; म्हणून आधीच्या आठवड्याची मोजमापे बाजूला ठेवून तिने इलेक्ट्रोड दुरुस्त झाल्यावर तेच नमुने पुन्हा तपासले; आणि तरीही दोन विहिरींचे आकडे विसंगत राहिले, तेव्हा पाण्यातील ॲल्युमिनियमने फ्लोराइडला बांधून ठेवले असावे अशी शंका घेऊन तिने तो बंध सोडवणाऱ्या द्रावणाचे प्रमाण वाढवून पाहिले, तर वाचणाऱ्याला एक संशोधक दिसू लागतो. ती शंका शेवटी खरी ठरली की नाही, हे तुलनेने गौण आहे.

या दुसऱ्या वर्णनाला जागा जास्त लागते. म्हणून ज्याने चार प्रकल्प केले आहेत त्याने चारही सारख्या विस्ताराने मांडण्यापेक्षा एक-दोन खोलात सांगून उरलेले आत्मवृत्तात, म्हणजे शिक्षण व कामांच्या यादीवजा तपशिलात, एकेका ओळीत ठेवणे शहाणपणाचे असते. भारतातील तीन विज्ञान अकादम्या संयुक्तपणे देतात ती उन्हाळी पाठ्यवृत्ती असो किंवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील उन्हाळी कार्यक्रम असो, एवढ्या अल्प मुदतीत फारसे काही सिद्ध होत नाही हे समितीला पुरते ठाऊक असते, आणि तेथे मोठा शोध लावल्याचा आव आणणारे वाक्यच उलट संशय निर्माण करते.

मानव्यविद्यांत कसोटी हीच असते, साहित्य वेगळे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात काम केले असेल, तर ‘मोडी कागदपत्रांचा अभ्यास केला’ या वाक्यापेक्षा कोणत्या प्रकारचे कागद वाचले, त्यांतल्या कोणत्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत आणि त्या विसंगतीतून कोणता प्रश्न उभा राहिला, हे सांगणे मोलाचे ठरते. मानव्यविद्यांच्या अर्जात बहुधा लेखनाचा नमुनाही मागितला जातो, त्यामुळे निवेदनातील दाव्याची पडताळणी लगेच होते.

सामूहिक संशोधनात स्वतःचा वाटा सांगणे अधिक नाजूक असते, कारण लेखकांच्या यादीवरून तो नेहमी उमगत नाही. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी 2015मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलेल्या निबंधाला 5,154 लेखक होते आणि त्याच्या 33 पानांपैकी 24 पाने लेखक व त्यांच्या संस्था यांच्या नावांनी भरली होती. गणितात नावे वर्णानुक्रमे लावण्याची रीत आहे, तर जीवशास्त्रात पहिले नाव बहुधा सर्वाधिक काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. ही अडचण ओळखून ‘क्रेडिट’ नावाच्या वर्गीकरणाने संकल्पना, कार्यपद्धती, संगणक-आज्ञावली, विदा-व्यवस्थापन, पहिला मसुदा अशा 14 भूमिका निश्चित केल्या आहेत, आणि अनेक नियतकालिके आता कोणी काय केले याची नोंद तशी मागतात. अर्जदाराने ते शब्द जसेच्या तसे वापरण्याचे कारण नाही, परंतु विदा आपण गोळा केली की कोणी दिलेली तपासली, आज्ञावली आपण लिहिली की चालवली, हा भेद सांगितलाच पाहिजे.

प्रकाशनाच्या स्थितीबाबतही तसेच. निबंध नियतकालिकाकडे पाठवलेला आहे, स्वीकारला गेलेला आहे की अजून लिहिला जात आहे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पाठवलेल्या निबंधाला प्रकाशित म्हणणे ही सरळ लबाडी होय. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा प्रश्न आपल्याकडे विशेष तीव्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधकांनी 2018मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलेल्या तपासणीनुसार, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूचींत नसलेल्या ज्या 1,009 नियतकालिकांचे विश्लेषण झाले, त्यांतील 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असण्याची शक्यता होती. अशा ठिकाणी छापलेल्या तीन निबंधांपेक्षा न छापलेला पण प्रामाणिक प्रकल्प अहवाल अर्जाला अधिक उपकारक ठरतो, हे प्रमाणपत्रांची फाइल जाड करण्याची सवय लागलेल्या व्यवस्थेला पटवणे मात्र कठीण जाते.

निवेदनाशेजारी मार्गदर्शकाचे शिफारसपत्र वाचले जाते, आणि दोन्हींत एकच काम दोन बाजूंनी दिसणे अपेक्षित असते. आपल्याकडे ‘तूच मसुदा करून आण, सही करतो’ असे सांगणारे मार्गदर्शक दुर्मीळ नाहीत. त्यातून मग निवेदन आणि शिफारस एकाच हाताची, एकाच विशेषणांची निघतात, आणि पत्र विद्यार्थ्याने पाहू नये म्हणून अर्जातच त्याच्याकडून हक्क सोडून घेतला जातो त्या गोपनीयतेला काही अर्थ उरत नाही. अशा मार्गदर्शकाला तयार मसुद्याऐवजी एक पानाचे टिपण नेऊन द्यावे: काम कोणत्या महिन्यात सुरू झाले, प्रयोगवहीतील कोणती पाने कोणत्या अडचणीची आहेत, कोणती सूचना मार्गदर्शकांची होती आणि कोणती विद्यार्थ्याला स्वतःला सुचली. एवढे हाताशी असले की घाईतल्या प्राध्यापकालाही चार ओळी स्वतःच्या लिहिता येतात.