‘हवा पडली’ म्हणण्याआधी

संक्रांतीला सकाळी नऊच्या सुमारास नगरमधल्या सावेडीच्या गच्च्यांवर स्पीकर सुरू झालेले असतात, चक्र्या भरून तयार असतात आणि पतंग मात्र कठड्याला टेकून पडलेले असतात. गुलमोहर रोडपासून भिस्तबागेपर्यंत एकच निदान: हवाच नाही. हे निदान बहुतेक वेळा अर्धवट असतं. त्याच्या आधाराने बाकीचे गैरसमज उभे राहतात, आणि त्यात नवी भर म्हणजे मंद वाऱ्यात कसरती करायला परदेशातला महागडा ‘अल्ट्रालाइट’ पतंगच लागतो ही समजूत.

हे अल्ट्रालाइट म्हणजे दोन दोऱ्यांचे, त्रिकोणी, कार्बनच्या बारीक नळ्यांचे पतंग. दोन दोऱ्यांनी वळवायच्या पतंगाला लोकप्रिय केलं ते इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी, १९७० च्या दशकात. पुढे कापड हलकं झालं, नळ्या बारीक झाल्या आणि झुळकीवर नाचणारे पतंग निघाले. अहमदाबादच्या पतंग महोत्सवाची दृश्यं पाहणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील.

‘वारा नसेल तर पतंग उडणारच नाही’

पतंगाला जमिनीशी देणंघेणं नसतं. त्याच्या अंगावरून हवा वाहायला हवी, मग हवा हलो किंवा पतंग. म्हणून परदेशात बंद सभागृहातही पतंग उडवण्याचे कार्यक्रम होतात. उडवणारा मागे मागे चालत राहतो आणि त्याचं चालणं हाच वारा होतो.

याचं गणित सोपं आहे. पतंगावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा सेकंदाला २ मीटर असेल, म्हणजे ताशी साधारण ७ किलोमीटर, आणि तुम्ही सेकंदाला १ मीटर या गतीने मागे चाललात, तर पतंगाला ३ मीटरचा वारा लागतो. वेग दीडपट झाला, जोर मात्र सव्वादोन पट. पडू लागलेला पतंग दोन पावलांत सावरतो तो यामुळे. उलट पुढे चाललात तर जोर तितक्याच झपाट्याने ओसरतो. कसरती करणारे हे पुढे-मागे चालणं सतत वापरतात: चढवताना मागे, युक्ती करताना आणि गमावलेली जागा परत मिळवताना पुढे.

नगरच्या पठारावरची हवा विरळ, म्हणून इथे पतंग नीट उडत नाहीत, असंही सांगणारे भेटतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे, तेव्हा हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के विरळ, हे खरं. पण ती तूट भरून काढायला वाऱ्याचा वेग फक्त ३ टक्के जास्त लागतो. हातालाही कळणार नाही इतका फरक. जानेवारीतल्या सकाळी पतंग न उडण्याचं कारण वेगळं आहे. रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतचा थंड, जड थर खालीच बसून राहतो आणि वरचा वाहता वारा त्याच्यात उतरत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की दोन्ही थर मिसळतात. नऊला नसलेला वारा अकराला येतो तो असा.

‘मंद वाऱ्यासाठी परदेशी पतंगच हवा’

आणखी थोडी आकडेमोड. पतंग हलका की जड हे नुसत्या वजनावरून ठरत नाही. वजन किती क्षेत्रफळावर पसरलं आहे, यावर ते ठरतं. आठ फुटी पंखांचा अगदी हलक्या जातीचा कार्बनचा पतंग साधारण १५० ग्रॅमचा आणि पाऊण ते एक चौरस मीटरचा असतो, म्हणजे चौरस मीटरला दीडशेहून थोडे अधिक ग्रॅम. आता हातभर बाजूचा आपला चौकोनी कागदी पतंग घ्या. क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर, वजन १५ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला ७५ ग्रॅम. ज्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणून हजारो रुपये मोजायचे, त्याच्या निम्म्यावर आपला दहा-वीस रुपयांचा पतंग बसतो.

सेकंदाला २ मीटरच्या वाऱ्यात या कागदी पतंगाला पस्तीसेक ग्रॅम पेलणारा जोर मिळू शकतो, स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. पवनचक्की साधारणपणे ३ मीटरच्या आसपास वीज द्यायला लागते. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या थांबलेल्या असताना सावेडीत पतंग हवेत असू शकतो.

म्हणून ‘लहान पतंग हलका, तो आधी उडेल’ हेही उलटं आहे. पतंग लहान केला की कागद झपाट्याने कमी होतो, कामट्यांचं वजन त्या मानाने घटत नाही. मंद वाऱ्यात थोडा मोठा, पातळ कागदाचा, बारीक तासलेल्या कामटीचा पतंग घ्यावा.

‘शेपूट लावलं की पतंग नीट उडतो’

उडतो, पण मग नुसताच उडतो. शेपूट म्हणजे मागे ओढणारा भार. ते पतंगाला स्थिर करतं आणि वळण्याची ताकद काढून घेतं. मंद वाऱ्यात तर त्या ओढीने पतंग वर चढतच नाही.

आपला बिनशेपटी पतंग मुद्दाम अस्थिर केलेला असतो, आणि त्याच्या रचनेतली हुशारी इथेच आहे. उभी कामटी ताठ, आडवी कमान लवचीक. दोर खेचला की वाऱ्याच्या दाबाने कमानीची दोन्ही टोकं मागे वाकतात, पतंगाला मधोमध कणा आल्यासारखं होतं आणि तो नाकासमोर सरळ सुटतो. ढील दिली की कमान सैल होते, पतंग सपाट होतो आणि सपाट पतंगाला दिशा राहत नाही, तो जागच्या जागी फिरू लागतो. नाक हव्या त्या बाजूला आलं की पुन्हा खेचायचं. डावीकडे, उजवीकडे, खाली गोता आणि छपरापासून वीतभरावर पुन्हा वर, सगळं एकाच दोरीवर आणि दोनच क्रियांत.

ही जादू चालण्यासाठी कन्नी, म्हणजे पतंगाला दोर जोडणारी दोऱ्याची बांधणी, नेमकी हवी. कुणी तिला मंगळसूत्र म्हणतं. वरची बाजू किंचित आखूड ठेवली तर पतंग वाऱ्याला कमी कोन देतो, झटकन पुढे पळतो. ती लांब केली तर पतंग ओढतो जास्त, पण मंद वाऱ्यात जागीच डुलत राहतो. फरक काही मिलिमीटरचा असतो. बाजारात घाईने बांधून दिलेल्या कन्नीवर पतंगाची परीक्षा करणं अन्यायाचं आहे.

‘दोर कायम ताणलेला हवा’

ही समजूत दोन दोऱ्यांच्या पतंगांबाबतही आहे. प्रत्यक्षात तिथल्या बहुतेक युक्त्या दोर सैल असतानाच घडतात. ‘अ‍ॅक्सल’मध्ये पतंग क्षणभर थांबवून एका हाताने झटका देतात आणि लगेच दोर सैल सोडतात, की पतंग आडवा होऊन स्वतःभोवती गिरकी घेतो. ‘फेड’मध्ये तो पाठीवर पडून, नाक उडवणाऱ्याकडे करून तरंगतो. ‘लेझी सुझन’मध्ये पाठीवर पडल्या पडल्या फिरतो. हलका पतंग या स्थितीत सावकाश खाली येतो, त्यामुळे युक्ती पूर्ण करायला वेळ मिळतो. मंद वारा शिकणाऱ्याच्या फायद्याचा असतो, कारण चुकलं तरी पतंग आपटत नाही, अलगद उतरतो.

ढील आणि खेच यांवर वाढलेल्या नगरच्या पोराला हे शिकायला फार दिवस लागू नयेत, असं माझं मत आहे. सैल दोराची भीती त्याला मुळातच नसते.

‘मध्येच हवा पडली’

दुपारी पतंग एकदम डोक्यावर येतो, दोर लोंबतो आणि गच्चीवरून आरोळी येते, हवा पडली! पुष्कळदा झालेलं असतं उलटं. तापलेल्या स्लॅबांवरून, डांबरी रस्त्यांवरून गरम हवेचा स्तंभ वर चढतो आणि पतंग त्यात सापडून वर तरंगतो. हवा चढलेली असते. अशा वेळी जोरजोरात हिसके देऊन उपयोग नसतो. सावकाश दोर गुंडाळावा, पतंग त्या स्तंभातून बाहेर पडला की ताण परत येतो. एकसारखा मंद वारा हवा असेल तर सूर्यास्ताआधीचा तास पाहावा.

‘गच्ची सगळ्यात चांगली’

उंची मिळते, हे खरं. पण इमारतीच्या वाऱ्याआडच्या बाजूला तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असू शकते. पाइपलाइन रोडसारख्या भागात चार मजली इमारतीमागे इमारत आहे. कागदी पतंग त्या घुसळणीच्या वर चढून सुटतो. वीस-पंचवीस मीटरच्या दोरीवरचा कार्बनचा पतंग सुटू शकत नाही. त्याला मोकळं मैदान लागतं. शिवाय मागे मागे चालण्याची युक्ती गच्चीवर करायचीच नाही. संक्रांतीच्या आसपास गच्चीवरून पडल्याच्या बातम्या का येतात, हे वेगळं सांगायला नको.

‘मांजा जितका जहाल, तितका पतंग आपला’

काटाकाटीपुरतं काही असेल, कसरतींना धारदार मांजाचा काडीचा उपयोग नाही. मंद वाऱ्यात दोराचं स्वतःचं वजनही पतंगालाच पेलावं लागतं, म्हणून साधा, बारीक सुती दोरा उत्तम. नायलॉन ताणला जातो. हाताने दिलेला झटका पतंगापर्यंत उशिरा आणि बोथट होऊन पोचतो. माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापणाऱ्या या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो पतंग उडवायलाही वाईटच आहे, हे मात्र विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

‘कार्बन म्हणजे धातू नव्हे, तारांची भीती नाही’

कार्बनच्या नळीतून वीज वाहते. कागद-बांबूचा पतंग तारेत अडकला तर सोडून द्यावा. कार्बनचा पतंग तारांच्या आसपास उडवूच नये. आणि तो घेतलाच, तर वारा वाढला की उतरवावा. २ मीटरचा वारा ८ मीटर झाला तर जोर सोळापट होतो आणि मंद वाऱ्यासाठी बारीक केलेल्या नळ्या त्यापुढे टिकत नाहीत. कागदी पतंग त्याआधीच फाटून मोकळा होतो, दहा रुपयांत.