‘ज्ञानराधा’ बँकेसारखी होती, पण बँक नव्हती. ठेवीदारांसाठी फरक काय?

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सोसायटीत हजारो लोकांनी पैसे का ठेवले? ईडीच्या म्हणण्यानुसार ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याजाचं आश्वासन होतं. बँकेपेक्षा जवळपास दुप्पट! पण ‘लोक हावरट होते’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. घराजवळ शाखा, हातात ठेवपावती, वेळेवर व्याज; मग शंका कोण घेणार?

२०२३ मध्ये पैसे मिळणं थांबलं, २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले. ठेवी कर्जाच्या नावाखाली समूहाच्याच कंपन्यांकडे वळवल्याचा ईडीचा आरोप आहे.

खरी मेख नोंदणीत आहे. मल्टिस्टेट पतसंस्था २००२ च्या कायद्याखाली केंद्रीय सहकार निबंधकांकडे नोंदली जाते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि बँक बुडाल्यास मिळणारं ५ लाखांचं विमा संरक्षणही नसतं.

मग उरतो राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे ‘एमपीआयडी’. त्यात मालमत्ता जप्त करून, न्यायालयाच्या आदेशाने विकून पैसे वाटता येतात. त्याला वर्षं लागतात.

पैसे ठेवण्याआधी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावरची विमाधारक बँकांची यादी बघा. तिथे पतसंस्था सापडणार नाहीत.